आमच्या गल्लीचा डेड एंड

शनिवारची सकाळ. पाच दिवसांची झोप एका दिवसात वसूल करायचा माझा प्लॅन. आणि साडेसातला बाबांचा आवाज, "उठ बापा, आपल्या घरावरून रेघ गेली!"

मला वाटलं, भिंतीला पुन्हा तडा गेला. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते, तेव्हा तड्यांचं आम्हाला काही नवल नाही. डोळे चोळत बाहेर आले तर बाबा अंगणात उभे. चष्मा कपाळावर, हातात मोबाइल. लेआउटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी नकाशाचा फोटो टाकला होता. तिरपा आणि अंधुक. पण एवढं दिसत होतं की, पिवळ्या रंगाच्या वस्तीतून दोन समांतर रेघा आमच्या गल्लीत शिरल्या होत्या, आणि जिथे थांबायला हव्या तिथे न थांबता मागच्या भिंतीतून आरपार गेल्या होत्या. बाजूला आकडा, १२ मीटर.

"आपली गल्ली नऊची आहे," बाबा म्हणाले. "बाराची करायची तर दोन्हीकडून दीड-दीड मीटर. म्हणजे पाच-पाच फूट. आपलं फाटक, कंपाउंड, तुझ्या आईचा सोनचाफा… गेलं सगळं."

शहराची प्रारूप विकास योजना, म्हणजे सगळे ज्याला 'डीपी' म्हणतात ती, प्रसिद्ध झाली होती. हरकती नोंदवायला तीस दिवसांची मुदत. त्यातले अकरा दिवस आम्ही पत्ता न लागता घालवले होते.

कुठल्या शहराची योजना, ते मी मुद्दाम सांगत नाहीये. माझं निम्मं आयुष्य अकोल्यात गेलंय, निम्मं अमरावतीत. सोमवार ते शुक्रवार एका शहरात नोकरी, शनिवार-रविवार दुसऱ्या शहरात आई-बाबा. ही गोष्ट दोन्हीकडे तशीच घडली असती. आणि लेआउटचं नाव तर मुळीच सांगणार नाही. शेजारी वाचतात!

टाइल्स पाहिल्या, नकाशा नाही

हे घर आम्ही घेतलं तेव्हा बाबांचे रिटायरमेंटचे पैसे आणि माझं वीस वर्षांचं लोन असे दोघांचे हात त्याला लागले होते. एकदम घराण्याचा प्रोजेक्ट! तीन वीकेंड आम्ही टाइल्स पाहण्यात घालवले. किचनच्या ओट्याला काळा ग्रॅनाइट की हिरवा, यावरून आई आणि मी दोन दिवस बोलत नव्हतो. पण लेआउटचा मंजूर नकाशा? तो आम्ही चौघांपैकी (दादासुद्धा इंजिनीअर आहे बरं का) एकानेही मागितला नाही.

प्लॉट दाखवणारा मुलगा फार गोड बोलायचा. "मॅडम, ही गल्ली डेड एंड आहे. थ्रू ट्रॅफिक झीरो. एकदम प्रायव्हेट." मी त्याआधी तीन वर्षं पुण्यात हमरस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये काढली होती. पहाटे बसच्या हॉर्नने उठायचे. 'डेड एंड' हा शब्द मला स्विमिंग पूलसारखा वाटला. लक्झरी!

आता शहाणपण आलंय म्हणून सांगते. घर बघायला गेलात तर आधी कागद बघा, मग किचन. सातबारा आणि एन. ए.चा आदेश बघा. मंजूर लेआउटचा नकाशा मागा, त्याची झेरॉक्स घ्या आणि ती हातात धरून प्रत्यक्ष लेआउटमध्ये फिरा. महाराष्ट्रात बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तिच्याप्रमाणे अर्ध्या हेक्टरच्या आसपासच्या, नेमकं सांगायचं तर ०.४ हेक्टरहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती नकाशात आहे का, आणि जागेवर आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत! प्रोजेक्ट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा किंवा आठपेक्षा जास्त घरांचा असेल तर महारेराचा नंबर हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. तुमच्या दारावरून पुढे काय जाणार आहे, ते त्या एका कागदावर दिसतं. थोडी फी आणि एक हेलपाटा, बस्स. आम्ही सोफ्याच्या कापडासाठी यापेक्षा जास्त फिरलो होतो.

असो. तर त्या शनिवारी संध्याकाळी लेआउटच्या मोकळ्या जागेत मीटिंग भरली. सगळे चिडलेले. कुणी म्हणालं, चोऱ्या वाढतील. कुणी म्हणालं, पोरांनी खेळायचं कुठे. एका काकांची मोटरसायकल पूर्वी दारातून चोरीला गेली होती, ते तर तावातावाने उभेच राहिले. शेवटी ठरलं की सगळ्यांची मिळून एक हरकत द्यायची. लिहिणार कोण? सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. "तू ऑफिसात दिवसभर ई-मेलच लिहितेस ना बाळा? लिही मग."

लिहिली. आणि सांगते, झकास लिहिली! सुरक्षितता, शांतता, ज्येष्ठ नागरिक, लहान मुलं, हिरवाई, असे पाच मुद्दे. 'सदर रस्ता रहिवाशांच्या कोणत्याही गरजेतून प्रस्तावित झालेला नाही', हे वाक्य लिहून तर मी स्वतःलाच मनातल्या मनात प्रमोशन दिलं. दोन दिवसांत सगळ्या गल्लीच्या सह्या झाल्या.

बोटाने वाचायचा नकाशा

हरकतीसोबत नकाशाची चांगली प्रत जोडायची होती. म्हणून अर्धा दिवस रजा टाकून मी योजना पाहायला गेले. सोबत बाबांचे एक मित्र होते, नगररचनेच्या कामात आयुष्य घालवलेले निवृत्त ड्राफ्ट्समन. नकाशा भिंतीएवढा. मी झटकन आमचं घर शोधलं आणि तिथेच बोट ठेवून उभी राहिले.

काका हसले. "ताई, सगळे असंच करतात. पण नकाशा आपल्या घरापासून वाचायचा नसतो. बाहेरून आत यायचं."

मग त्यांनी माझं बोट उचललं आणि आमच्या भिंतीच्या मागे नेऊन ठेवलं. तिथे गुंठेवारीची वस्ती. शेताचे तुकडे पाडून, गुंठा-गुंठा विकत घेऊन उभी राहिलेली घरं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. लेआउट मंजूर नाही, म्हणून रस्ते सोडलेले नाहीत. महाराष्ट्रात अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा झाला. आधी तो १ जानेवारी २००१ पूर्वीच्या बांधकामांसाठी होता, २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. पण कागद नियमित झाला म्हणून अंगणापुढे आपोआप रस्ता उगवत नाही.

"आता इथून मेन रोडवर या," काका म्हणाले. मी बोट सरकवलं. मागून नाल्याला वळसा, मग शेताची धुऱ्याची वाट, मग शाळेची मागची बाजू, मग रिंग रोड… बोट बरंच फिरलं. "आता डीपीच्या रेघेवरून या." बोट सरळ आलं. आमच्या गल्लीतून. दोन सेकंदांत.

मी काही बोलले नाही.

परत येताना चहाच्या टपरीवर काकांनी मला डीपीची शाळा शिकवली. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना कायदा. त्याच्या कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होतं आणि तीस दिवसांत कुणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतं. बृहन्मुंबईला साठ दिवस मिळतात. मग कलम २८ खाली नियोजन समिती प्रत्येकाला ऐकते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. मग बदल, मग राज्य सरकारची कलम ३१ खालची मंजुरी. मंजूर झाल्यावरही ती नुसती रेघच. जागा घ्यायची तर मोबदला द्यावा लागतो. पैशात, नाहीतर टीडीआर किंवा वाढीव चटईक्षेत्राच्या रूपात. आणि दहा वर्षांत जागा घेतलीच नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपलं! ही मुदत पूर्वी बारा महिने होती, २०१५ च्या दुरुस्तीनंतर चोवीस महिने झाली.

"म्हणजे रेघ पुसूही शकते?" मी आशेने विचारलं.

"पुसते ना. बगीचाची पुसते, शाळेची पुसते, रस्त्याचीही पुसते," काकांनी चहाचा शेवटचा घोट घेतला. "अन् मग वीस वर्षांनी सगळे म्हणतात, या शहरात प्लॅनिंगच नाही."

पाचशे रुपयांची वर्गणी

रविवारी संध्याकाळी मी स्कूटी काढली आणि नाल्याच्या वळशाने भिंतीमागे गेले. किती वर्षं झाली इथे राहून? चार. भिंतीमागे कधी गेले होते? कधीच नाही. माझ्या बेडरूमच्या खिडकीतून त्या वस्तीतल्या पाण्याच्या टाक्या दिसतात. काळ्या, निळ्या, पिवळ्या. मी त्यांना 'व्ह्यू खराब करतात' म्हणायचे.

पाऊस होऊन तीन दिवस झाले होते, तरी चाकाला माती चिकटली. आमच्याकडची काळी माती काय चीज आहे, ते इथल्या लोकांना सांगायला नको. मुरूम टाकला तर दोन पावसाळ्यांत ती त्याला गिळते. घरांच्या मधे दहा-बारा फुटांची वाट, त्यात विजेचे खांब, पाण्याचे ड्रम. भिंतीच्या अगदी पलीकडे, म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला पाठ लावून असलेल्या घरात एक मावशी ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. त्या दोन ऑफिसांना जेवणाचे डबे पुरवतात, हे नंतर कळलं.

"भितीपल्याडच्या काय तुम्ही?" त्यांनीच विचारलं.

"हो."

"मंग तुमाले तं माहीत असन. इथं एक भगदाड होतं भितीले. पोट्टे त्यातून पाच मिनटात शाळंत जायचे. मागच्या वर्षी कोनं बुजवलं काय मालूम."

मला माहीत होतं. आम्ही बुजवलं होतं. चोरीनंतर ग्रुपवर ठरलं, दर घरी पाचशे रुपये वर्गणी, दोन मजूर, एक दिवस. मी ऑफिसातून, लंचच्या मधे, फोनवरूनच पाचशे रुपये पाठवले होते आणि खाली अंगठ्याचं चित्र टाकलं होतं.

मावशींची काही तक्रार नव्हती, त्या नुसतं सांगत होत्या. टँकर रिंग रोडवर थांबतो. घंटागाडी येत नाही. "सुनेचं बाळंतपण आलं तवा अ‍ॅम्ब्युलन्स तिकडंच थांबली. रातचा टाइम, वरून पानी. मोटरसायकलवर मधात बसवलं तिले, मी मागून धरलं."

"आता बऱ्या आहेत ना?"

"हाव ना. पोरगी झाली. थे पाहा," म्हणून त्यांनी आत पाळण्याकडे बोट दाखवलं.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला. माझं ते झकास वाक्य अजून तिथेच होतं. 'सदर रस्ता रहिवाशांच्या कोणत्याही गरजेतून प्रस्तावित झालेला नाही.' रहिवासी म्हणजे कोण?

वेशीला नाव कुणाचं?

आपल्या दोन्ही शहरांना भिंतींचा जुना अनुभव आहे. अमरावतीचा परकोट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, निजामाच्या अमलात, पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधला गेला. जवाहर गेटवरून रोज जाता ना? तो त्याचाच दरवाजा. भीती खरीच होती. पण त्या भीतीतही बांधणाऱ्यांनी मोठे दरवाजे ठेवले आणि शिवाय चालत जा-ये करणाऱ्यांसाठी छोट्या 'खिडक्या' ठेवल्या. पटेल खिडकी, माता खिडकी, छत्रपुरी खिडकी ही नावं तिथूनच आली. आता आणखी एक गंमत बघा. नागपुरी गेट, खोलापुरी गेट. अकोल्यात दहीहांडा वेस, अगर वेस. दरवाजाला नाव कुणाचं? आतल्या शेठचं नाही. पलीकडच्या गावाचं! ज्या बाजूच्या लोकांसाठी दार उघडायचं, त्यांचं नाव दाराला.

आणि आम्ही? पेंढारी नाहीत, लढाई नाही. एक मोटरसायकल चोरीला गेली, तर खिडकीसुद्धा बुजवली.

काकांची भीती खोटी होती असं नाही म्हणत मी. त्या मोटरसायकलचे हप्ते ते अजून भरत होते. शांत गल्ली हवी असणं हा काही गुन्हा नाही. मलाही हवीच होती. पण डेड एंड आमच्यासाठी जी लक्झरी होती, तिचं बिल भिंतीमागे कुणीतरी रोज भरत होतं.

रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं की मी माझी वेगळी सूचना देणार आहे. रस्ता होऊ द्या, अशी.

बाबांनी ताटावरून मान वर केली नाही. "घरात माझे पैसे आहेत," एवढंच म्हणाले.

"माझेही आहेत बाबा."

"मग कंपाउंडही तुझ्याच पैशाचं पाड." आणि हात धुवायला उठले. आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या ताटात भाकरी तशीच होती. सव्विसावा दिवस होता तो.

चार मिनिटं

अर्ज दिला आणि काही महिन्यांनी सुनावणीची तारीख आली. सोमवार, सकाळी अकरा. लक्षात घ्या, सुनावणी नेहमी ऑफिसच्या वेळातच असते. म्हणूनच हॉलमध्ये माझ्या वयाचं जवळजवळ कुणीच नव्हतं. सगळे पेन्शनर, शेतमालक, बिल्डरांची माणसं आणि वकील. पुढची वीस वर्षं ज्या रस्त्यांवरून आपण ऑफिसला जाणार, ते ठरवायला आपणच गैरहजर! जानेवारी २०१८ मध्ये मोर्णा नदी साफ करायला अकोल्यात हजारो लोक उतरले होते. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचं कौतुक केलं होतं. मलाही तेव्हा अभिमान वाटला होता. हातात झाडू असला की फोटो छान येतो. हातात अर्ज असला की येत नाही, एवढाच काय तो फरक.

आमच्या लेआउटचा नंबर आधी आला. मोटरसायकलवाले काका उभे राहिले आणि त्यांनी हरकत वाचायला सुरुवात केली. माझीच वाक्यं, माझेच पाच मुद्दे. आणि खरं सांगते, ऐकायला फारच पटण्यासारखं वाटत होतं. मला घाम फुटला.

मग मावशी. इस्त्रीची साडी, प्लास्टिकच्या पिशवीत अर्ज, मुलाच्या हस्ताक्षरातला. त्यांनी तो वाचला नाहीच. "साहेब, बारा मीटर नसन जमत तं नऊ द्या. पन गाडी आली पायजे." आणि बसल्या. वीस सेकंदसुद्धा लागले नसतील.

माझा नंबर आला तेव्हा टेबलामागच्या एकाने विचारलं, "तुमचं घर कुठलं?"

"याच गल्लीत. उजवीकडून चौथं."

"म्हणजे तुमचीही जागा जाते?"

"हो. पाच फूट."

ते जरा थांबले आणि पेनचं टोपण काढलं. मी सांगितलं की रस्ता आरपार जाऊ द्या. पण वाढीव तीन मीटर गाड्यांना देऊ नका. दोन्ही बाजूंना फूटपाथ आणि झाडं द्या, नाहीतर गल्लीचा रेस ट्रॅक होईल. नाल्या आधी करा, डांबर नंतर. आणि रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा वर नेऊ नका. आमच्या जुन्या भाड्याच्या घरी दर दोन-चार वर्षांनी थरावर थर चढून रस्ता इतका उंच झाला होता की पावसाळ्यात पाणी सरळ देवघरात यायचं.

"ताई, हे बरोबर आहे," ते म्हणाले. "पण फूटपाथ, नाली, झाडं हे डीपीत ठरत नाही. डीपीत फक्त रेघ आणि रुंदी ठरते. रेघेच्या आत काय, ते रस्ता बांधताना अंदाजपत्रकात ठरतं. बांधकाम विभागाकडे. तेव्हा परत या."

चार मिनिटांत मी बाहेर. पण ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर! रस्ता दोनदा ठरतो. एकदा नकाशात, एकदा अंदाजपत्रकात. आपण उगवतो ते तिसऱ्या वेळी, रोलर दारात आल्यावर, शिव्या द्यायला. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार राहत्या वस्तीत फूटपाथची चालण्याजोगी रुंदी किमान १.८ मीटर हवी. ती अंदाजपत्रकात लिहिलेली नसेल, तर डांबर भिंतीपासून भिंतीपर्यंत जातं. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की त्या डांबरावर उभं राहायला सावली म्हणून विजेचा खांब तेवढा उरतो.

डांबर टाकणं मुळी अवघड नाहीच. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला हायवेवर ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत झाली, गिनीज रेकॉर्ड! मी दर शुक्रवारी-रविवारी त्या हायवेने येते-जाते. गाडी अशी जाते, की चहाचा कप हलत नाही. साडेचार दिवसांत पाऊणशे किलोमीटर! आणि आमच्या गल्लीच्या टोकापासून मावशींच्या दारापर्यंत जेमतेम शंभर पावलं. तिथे मशीन कमी पडत नाही. ती जागा कुणाची, कुणी किती सरकायचं, हे ठरायला वेळ लागतो.

सहाचं कुलूप

त्यानंतर तीन दिवस लेआउटच्या ग्रुपवर मला कुणी गुड मॉर्निंगचा गुलाब पाठवला नाही. चौथ्या दिवशी आला, पण चुकून आला असावा. भाजीवाल्याजवळ दोन काकू माझ्याशी बोलता-बोलता एकदम कोथिंबिरीशी बोलायला लागल्या. बाबा माझ्याशी बोलायचे, पण फक्त सिलिंडर आणि वीजबिलाबद्दल.

रस्ता अजून झालेला नाही. तुम्हाला वाटलं असेल की शेवटी रोलर येतो आणि सगळे टाळ्या वाजवतात. नाही. रेघ अजून कागदावर आहे, आणि कागदावरच्या रेघांचं काय-काय होऊ शकतं ते वर सांगितलंच.

पण दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये एक गोष्ट घडली. शाळेची वेळ चुकते म्हणून भिंतीमागची दोन पोरं भिंतीवरून उडी मारायची. त्यातलं एक पडलं, बाबांच्या समोर. हात मोडला नाही, खरचटलं तेवढं. बाबांनीच त्याला घरात आणून हळद लावली, पाणी दिलं. मीटिंगमध्ये पाणीपट्टीचा विषय चालला होता, तेवढ्यात बाबा उठले. म्हणाले, "त्या भिंतीत एक लहान फाटक बसवू. लोखंडी. माणूस जाईल, सायकल जाईल, एवढंच. रात्री कुलूप. किल्ली माझ्याजवळ."

मोटरसायकलवाले काका म्हणाले, "अन् चोरी झाली तं?"

"तर मला सांग. मी आहे ना," बाबा म्हणाले.

वर्गणी पुन्हा पाचशे रुपयेच निघाली. काकांनी दिली नाही, पण विरोधही केला नाही. फाटक बसवायला आलेला वेल्डर भिंतीमागचाच निघाला.

आता रोज सकाळी सव्वासहाच्या सुमाराला आमच्या गल्लीतून दप्तरं जातात. एकाच्या चपलेचा आवाज आता मला झोपेतही ओळखू येतो. शनिवारची माझी झोप त्यामुळे कायमची गेली, हे नमूद करून ठेवते. मावशी आठवड्यातून एकदा आईसाठी मेथीच्या फळांचा डबा घेऊन येतात. दोघी फाटकाशी उभ्या राहून अर्धा-अर्धा तास बोलतात.

आणि मागच्या पावसाळ्यात, मी घरी नसताना, आईने माळी बोलावून सोनचाफा हलवला. कंपाउंडपासून सहा फूट आत. अजून कुणी मागितलेलं नसताना. मी विचारलं तर म्हणाली, "झाड लहान आहे तोवर हलवलेलं बरं. मोठं झालं की जीव जातो त्याचा."

बाबा अजूनही म्हणतात की रस्ता होऊ नये. आणि रोज सकाळी बरोबर सहाला कुलूप काढायला जातात. किल्ली हरवू नये म्हणून त्यांनी तिला लाल दोरी बांधलीय.